आजोबांच्या कपाटातला ‘कोल्ट’: घ्यायचा का, आणि किती रुपयांना?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका ओळखीच्या घरात शिकारीच्या काळातलं, एकेका बाराला घोडा हाताने ओढावा लागणारं जुनं रिव्हॉल्व्हर आहे. घरचे ते ‘१८७३ चा अस्सल कोल्ट’, म्हणजे कोल्ट या अमेरिकन कंपनीचं, म्हणून विकायला काढताहेत, हस्तिदंती मूठ आहे म्हणतात, नुकतंच पॉलिश करून चकचकीत केलंय. किंमत अमेरिकेतल्या लिलावांचे आकडे दाखवून सांगतात. तुमच्याकडे एका बारा बोअर बंदुकीचा परवाना आहे (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), दुसऱ्या हत्याराची जागा रिकामी आहे. घ्यावं का, आणि रास्त किंमत कशी काढायची?

आधी सरळ उत्तर. आज एक रुपयाही इसार देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या चकाकीला, गोष्टीला आणि लिलावाच्या आकड्यांना माझ्या लेखी काही किंमत नाही. जुन्या हत्याराची किंमत तीनच ठिकाणी असते: कागदावर, त्याच्यावर ठोकलेल्या नंबरांत आणि हात न लागलेल्या पोलादाच्या पृष्ठभागावर. या तिन्हींबद्दल तुमच्या प्रश्नात एक ओळही नाही.

कागदापासून सुरुवात करतो, कारण नागपुरात असे व्यवहार बहुधा तिथेच अडतात आणि तिथे चुकलं तर नुसते पैसे बुडत नाहीत. हे हत्यार आज कोणाच्या परवान्यावर चढलेलं आहे? ‘आजोबांच्या’ हे उत्तर पुरेसं नाही. परवानाधारक वारला की त्याच्या परवान्यावर घरच्यांना हत्यार ठेवता येत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मग वारसाने आपल्या नावाने परवाना मागायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तर वारसाला परवाना मिळू शकतोच, पण धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तर त्याच्या हयातीतही मिळू शकतो. ही पायरी झालीच नसेल, तर कपाटातली ती वस्तू आज बेकायदा आहे आणि ती विकत घेणारा माणूसही त्याच गुन्ह्यात येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या बोअरचं हत्यार विनापरवाना बाळगल्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं आहे. प्रतिबंधित बोअर असेल तर सात ते चौदा. विकणारे तुमच्या ओळखीचे आहेत म्हणून सांगतो, त्यांच्यावर रागावू नका. बऱ्याच घरांत हे अज्ञानातून होतं. त्यांना आधी वकिलाशी बोलून हत्यार जमा करायला सांगा. किंमत नंतर बोलता येईल.

त्याच २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि वारशाने आलेलं हत्यारही त्या दोनांतच मोजलं जातं. तुमची एक जागा रिकामी आहे हे चांगलंच. पण ती जागा कोणत्या बोअरसाठी मंजूर होते ते बघावं लागेल, आणि या व्यवहाराचा जीव तिथेच अडकलाय.

आपल्याकडे ९ मिमी, .३८ आणि .४५५ ही हातातल्या हत्यारांची बोअर प्रतिबंधित आहेत. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी सामान्य माणसाला रिव्हॉल्व्हर म्हणून जे मंजूर करतात ते बहुतेक .३२. आता कोल्टचं ते १८७३ चं मॉडेल, सिंगल ॲक्शन आर्मी, मुळात .४५ साठी बनलं. पुढे .४४-४०, .३८-४०, .४१ आणि .३२-२० मध्येही ते मोठ्या संख्येने निघालं. इंग्रजांच्या वाटेने जे कोल्ट बाहेर पडले त्यांच्यात .४५०, .४५५ आणि .४७६ अशी विलायती बोअर भरपूर. म्हणजे तुमच्या समोरचं रिव्हॉल्व्हर खरंच अस्सल कोल्ट निघालं, तर ते तुमच्या परवान्यावर न चढण्याची शक्यता जास्त. मालकांना हा मुद्दा पटायला जड जाईल, पण किंमत ठरवताना याच्याइतकं वजनदार दुसरं काही नाही. बोअर नक्की कळल्यावर परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी घेऊ नका.

एक गैरसमज जुन्या वस्तूंच्या बाजारात फार पसरलाय, तोही इथेच मोडून काढतो: ‘शंभर वर्षांपूर्वीचं आहे, परवाना लागत नाही.’ कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना, पण दुरुस्ती करूनही ते बार उडवू शकत नसेल तरच. चालणाऱ्या कोल्टला वयाची सूट नाही. काडतूस न घेणाऱ्या, समोरून दारू-गोळी भरायच्या आणि टोपीवर उडणाऱ्या रिव्हॉल्व्हरलाही नाही. आणि सूट मिळावी म्हणून कोणी चालतं जुनं हत्यार वेल्डिंग करून बंद करतो म्हणाला, तर त्याला हात जोडून थांबवा. त्याने वस्तूही मरते आणि किंमतही.

आता ते आहे तरी काय, हे पाहू. आमच्या धंद्यात आयुष्य घालवलेला माणूस ‘कोल्ट’ हा शब्द ऐकून काहीच गृहीत धरत नाही. मध्य प्रांतात रिव्हॉल्व्हरं आली ती मुख्यतः कामठीच्या छावणीमुळे, जंगल खात्याच्या आणि मुलकी साहेबांमुळे, आणि मग त्यांच्याकडून किंवा मुंबई-कलकत्त्याच्या दुकानांतून इथल्या मालगुजारांकडे. कामठीची छावणी १८२१ ची, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या आधीची. साहेब लोक जे आणत ते बहुतांशी विलायती: ॲडम्स, ट्रँटर, वेब्ली. यांतली बहुतेक चाप दाबून घोडा उठणारी, म्हणजे डबल ॲक्शन. त्यामुळे पहिली खूण साधी आहे. घोडा खाली असताना चाप ओढल्यावर घोडा जरासुद्धा हलत असेल, तर ते सिंगल ॲक्शन, म्हणजे दर बाराला घोडा हाताने ओढायचं, नाही आणि बाकीचं वाचायचं कारण नाही.

(हे पाहणं, किंवा पुढे सांगतोय त्यातलं काहीही, परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात आणि त्याच्या हाताने. आधी घोडा अर्ध्यावर, बाजूचं झाकण उघडं, सहाही घरं एकेक करून डोळ्यांनी रिकामी पाहिलेली. साठ वर्षं कपाटात असलेल्या रिव्हॉल्व्हरमधून काडतूस निघालेलं मी पाहिलंय.)

सिंगल ॲक्शन असलं तरी ते कोल्टच असेल असं नाही. स्मिथ अँड वेसनचं नंबर ३ आहे, त्याची नळी बिजागरीवर पुढे मोडते आणि रिकाम्या कवच्या एकदम वर येतात. रेमिंग्टनची आहेत. कोल्टचंच १८५१ चं नेव्ही आहे, .३६ चं, टोपीवर उडणारं. ते कोल्टने १८५३ ते १८५६ लंडनच्या कारखान्यातही बनवलं आणि त्याच्या नळीवर लंडनचा पत्ता असतो. सत्तावनच्या काळात गोऱ्या अधिकाऱ्यांकडे ती होती, त्यामुळे आपल्या भागात कोल्ट सापडलाच तर हा सापडणं अधिक पटण्यासारखं. आणि मग येतो नकलांचा ढीग. बेल्जियममधल्या लिएज शहरात कोल्टच्या नकला शेकड्यांनी बनत. त्यांच्या सिलिंडरवर अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ ही रोमन अक्षरं ठोकलेली सापडतात, ती लिएजच्या चाचणीघराची खूण. त्या चौकटीवर मुकुट असेल तर हत्यार १८९३ नंतर तपासलेलं. ही बारीकशी खूण भिंगाने शोधा. ती दिसली की अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कारखान्यातल्या कोल्टची गोष्ट संपते. अशा नकलेलाही जुनी वस्तू म्हणून मोल असतं, पण ते अगदी वेगळ्या पायरीचं.

समजा खरोखर सिंगल ॲक्शन आर्मी निघालं. मग ‘१८७३ चं’ हा शब्द सोडून द्या. १८७३ हे मॉडेल सुरू झाल्याचं साल. पहिली पिढी पार दुसऱ्या महायुद्धापर्यंत बनत राहिली, साडेतीन लाखांहून जास्त. दुसरी पिढी १९५६ ला सुरू झाली, तिच्या नंबरामागे ‘एसए’ ही रोमन अक्षरं असतात. तिसरी १९७६ पासून. पन्नास-साठच्या दशकातली आणि १८८० ची यांत अननुभवी डोळ्याला काही फरक दिसत नाही, किमतीत मात्र प्रचंड. वय ओळखायला एक जागा फार उपयोगी आहे. सिलिंडरच्या मधून जाणारी दांडी ज्याने धरून ठेवलीय तिकडे बघा, फ्रेमच्या पुढच्या टोकाला. समोरून तिरका घुसलेला एकच स्क्रू असेल तर ती जुनी, काळ्या दारूच्या काळातली फ्रेम. आरपार आडवी, स्प्रिंगवर दाबली जाणारी खीळ असेल तर साधारण १८९२ नंतरची. बिनधुराच्या दारूसाठी कोल्टने या रिव्हॉल्व्हरची हमी घेतली ती १९०० पासून. त्याआधीच्या फ्रेममधून आजचं काडतूस कधीच उडवू नये, ते आत बसत असलं तरीही.

नंबर हा कोल्टचा जन्मदाखला. फ्रेमच्या पोटावर चापाच्या कडीच्या पुढे, कडीवर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर, अशा तीन जागी तोच नंबर हवा. फार जुन्यांमध्ये नळीवर आणि सिलिंडरवरही तो असतो. तीनपैकी एक वेगळा निघाला तर दोन हत्यारांचं मिळून एक केलंय. असं रिव्हॉल्व्हर चालेल, पण संग्राहक त्याला हात लावणार नाही. तिन्ही जागचे आकडे एकाच ठशाचे वाटतात का, हेही बघा. एखाद्या आकड्याची खोली किंवा वळण निराळं असेल, आजूबाजूचं लोखंड किंचित खाली गेलेलं असेल, तर तो घासून पुन्हा ठोकलाय. नंबर बदललेलं हत्यार म्हणजे किमतीचा प्रश्न नाही, गुन्ह्याचा आहे. तिथेच उठा.

नंबर खरा असेल तर पुढचं काम सोपं आणि मला स्वतःला सर्वांत आवडणारं. कोल्टकडे जुन्या विक्रीच्या वह्या आहेत. फी भरून नंबर कळवला की कंपनीच्या अभिलेखागारातून पत्र येतं: हे रिव्हॉल्व्हर कोणत्या तारखेला, कोणत्या बोअरमध्ये, किती लांब नळीचं, कोणत्या रंगाचं आणि कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झालं. साडेसात इंची नळी म्हणून निघालेलं आज पावणेपाच इंची असेल तर कोणीतरी कापलंय. निळं म्हणून निघालेलं आज चांदीसारखं दिसत असेल तर नंतर निकेल चढवलंय. विकणाऱ्याच्या शंभर गोष्टींपेक्षा हे एक पत्र भारी.

आणि आता त्या पॉलिशबद्दल, ज्याने मला तुमचा प्रश्न वाचताना खरंच वाईट वाटलं.

कारखान्यातून निघालेल्या कोल्टची फ्रेम आणि घोडा हाडांच्या कोळशात तापवून कडक केलेले असत. त्यातून पृष्ठभागावर निळे, करडे, तपकिरी ढग उमटत. नळी, सिलिंडर, मुठीच्या पट्ट्या निळ्या. वापराने हे रंग जातात, पण ठरलेल्या वाटेने जातात. नळीच्या टोकाला म्यान घासून, मागच्या पट्टीवर तळहात घासून, सिलिंडरच्या कडांवर. दडलेल्या जागी, जसं की फ्रेमच्या खाचेत, रिकाम्या कवच्या बाहेर काढायच्या दांडीच्या नळकांड्याखाली, मूळ रंग शंभर वर्षांनीही टिकून असतो. उरलेल्या पृष्ठभागावर एक सारखी, मऊ, चॉकलेटी-करडी छटा येते. जाणकार माणूस पैसे मोजतो ते या छटेला आणि त्या दडलेल्या निळाईला. ती फिरत्या चाकावर पाच मिनिटांत जाते आणि जगातला कोणताही कारागीर ती परत आणू शकत नाही. परदेशी बाजारात मूळ रंगाच्या आणि पुन्हा रंगवलेल्या एकाच मॉडेलच्या किमतीत निम्म्याहून जास्त अंतर पडतं, आणि मूळ रंग भरपूर शिल्लक असेल तर ते अनेक पटींवर जातं.

पॉलिश झालंय हे तुम्हाला सांगितलंच आहे. किती खोल गेलंय ते पाहायचं राहिलं. फ्रेमच्या डाव्या बाजूला पेटंटच्या तारखांच्या बारीक ओळी असतात. त्यांच्या कडा बोटाला टोचल्यासारख्या लागतात की लोण्यासारख्या गुळगुळीत झाल्यात? स्क्रूंच्या भोवती लोखंड बशीसारखं खोलगट झालंय का? फ्रेमच्या ज्या कडा काटकोनात हव्यात त्या गोल झाल्यात का? सिलिंडरवरच्या खाचांचे काठ वितळल्यासारखे दिसतात का? आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे गंजाचे खड्डे. खड्ड्याच्या तळाशीही चकचकीत निळा किंवा निकेल दिसत असेल, तर रंग गंजानंतरचा आहे. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील तर ते चुकीच्या पेचकसाने पुष्कळदा उघडलंय.

ही नजर तयार करायला नागपुरातच सोय आहे. अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या १८६३ च्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहे. तिथे कोल्ट शोधायला जाऊ नका. जुनं लोखंड, ज्याला कोणी घासलेलं नाही, ते कसं म्हातारं होतं ते बघायला जा. तास-दोन तास सावकाश बघितलंत तर नवं पॉलिश तुम्हाला लांबूनच खुपायला लागेल.

यंत्राबद्दल थोडक्यात. घोडा सावकाश मागे ओढताना चार टिकटिक ऐकू यायला हव्यात. कमी आल्या तर आतली एखादी खाच झिजलीय किंवा तुटलीय. पूर्ण ताणलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने हलकं ढकलल्यावर तो सुटला तर ते धोकादायक आहे. ताणलेल्या अवस्थेत सिलिंडर डावी-उजवीकडे किती हलतो, पुढे-मागे किती, ते बघा. किंचित चालतं, खडखड नको. घोडा कोरडा पाडून बघू नका, अंगठ्याने धरून खाली आणा. सपाट पात्याच्या जुन्या स्प्रिंगा तुटतात आणि त्या इथे सहज मिळत नाहीत. शिवाय या घडणीत घोड्याची टोकदार सुई काडतुसाच्या टोपीवरच टेकते. म्हणून जाणते लोक सहाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवत. पहिल्या खाचेला सुरक्षित म्हणतात, पण हत्यार हातातून पडलं तर ती खाच तग धरत नाही.

मालक कदाचित म्हणतील, ‘आमचं .३२ च आहे, परवान्यावर बसतं.’ तसं असेल तर ते बहुधा .३२-२० असेल, आणि तिथे एक मोठा धोका आहे. आपल्याकडे खडकीच्या कारखान्याचं जे .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस मिळतं ते स्मिथ अँड वेसन लाँग. आखूड, सरळ, बारीक. .३२-२० चं काडतूस लांब, बुडाशी जाड आणि वर गळा असलेलं. त्या घरात खडकीचं काडतूस सैल बसतं. उडवलं तर कवची फुगून फाटू शकते आणि तापलेला वायू मागे, तुमच्या हातावर येतो. कागदावर दोन्ही ‘.३२’ दिसतात म्हणून ती एक होत नाहीत. म्हणजे .३२-२० चा कोल्ट परवान्यावर कदाचित बसेल, पण त्याचं योग्य काडतूस इथल्या दुकानांत मिळेल अशी आशा ठेवू नका. स्वसंरक्षणासाठी घेणार असाल तर हा विचार इथेच सोडा आणि .३२ चं साधं, नवं, देशी बनावटीचं रिव्हॉल्व्हर घ्या.

मुठीवरचा हस्तिदंत खरा असेल तर ती किमतीत भर नाही, अडचण आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतल्याचाही. वन विभागाचं मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी विकता येत नाही. विदर्भातल्या शिकारी घराण्यांत सांबरशिंगाच्या मुठीही खूप. त्याबाबतही आधी वन विभागाला विचारा. पुष्कळदा ते हाड किंवा सेल्युलॉइड निघतं. हस्तिदंतात टोकाच्या बाजूने पाहिलं तर एकमेकींना छेदणाऱ्या कमानीसारख्या रेषा दिसतात, हाडात बारीक काळे ठिपके आणि चिरा. कोल्टने १८८० च्या दशकापासून कठीण रबराच्या मुठी बसवायला सुरुवात केली होती. ती मूळ मूठ घरात कुठे डब्यात पडलीय का, हे मालकांना नक्की विचारा. सापडली तर ती या सगळ्या हस्तिदंतापेक्षा मोलाची.

आता किंमत. अमेरिकेत २०२१ मध्ये एक सिंगल ॲक्शन आर्मी साठ लाख डॉलरवर गेलं हे खरंय. ते शेरीफ पॅट गॅरेटचं होतं, ज्याने बिली द किड या कुप्रसिद्ध गुन्हेगाराला त्याच रिव्हॉल्व्हरने मारलं, आणि ते कोणाकडून कोणाकडे गेलं याची कागदपत्रं होती. पैसे त्या कागदांचे होते. आपल्या घरचंच उदाहरण घ्या. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. पातं युरोपीय घडणीचं, तशी पाती त्या काळात भरपूर येत. पण या पात्यावर सोन्याने ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा’ असं देवनागरीत लिहिलेलं आहे. ती अक्षरं नसती तर ती एक चांगली जुनी फिरंग राहिली असती. नागपूरकर म्हणून त्या तलवारीचा मला अभिमान आहे, आणि पारखी म्हणून मी तिच्याकडून हेच घेतो की वस्तूवर किंवा वस्तूसोबत जे लिहिलेलं आहे तेवढंच मोजायचं.

तेव्हा मालकांना विचारा: आजोबांचा पहिला परवाना आहे का? ब्रिटिश काळातला, नंबर आणि बोअर लिहिलेला? दुकानाची पावती? शिकारीच्या परवानगीचा कागद? हातात हेच रिव्हॉल्व्हर घेतलेला फोटो? हे असेल तर मी किमतीत मनापासून भर घालेन. ‘एका इंग्रज साहेबाने खूश होऊन दिलं’ एवढंच असेल तर मी आदराने ऐकून घेईन आणि त्याचे शून्य रुपये धरेन.

अमेरिकेतला आकडा रुपयांत गुणून इथे का चालत नाही, तेही समजावून सांगा त्यांना. तिथे गिऱ्हाईक लाखांनी आहेत. इथे हे हत्यार फक्त तोच घेऊ शकतो ज्याच्याकडे त्या बोअरचा परवाना आणि दोनांतली एक जागा रिकामी आहे. ते बाहेर पाठवून विकावं म्हटलं तर शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तूला पुरावशेष कायदा १९७२ आडवा येतो. खासगी माणसाला तिची निर्यात करताच येत नाही. उलट बाजूने, ऐंशीच्या दशकात व्यापाऱ्यांची आयात थांबल्यापासून इथे जुन्या परदेशी .३२ ला चढे भाव मिळतात, पण ते चालत्या, सहज काडतूस मिळणाऱ्या, साध्या परवान्यावर बसणाऱ्या वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसनचे भाव. .४५ च्या कोल्टला ते लागू नाहीत. मालक दोन वेगळ्या बाजारांतले दोन चढे आकडे एकत्र करून सांगताहेत.

मी हिशोब असा करेन. प्रतिबंधित बोअर निघालं तर तुमच्यासाठी किंमत शून्य, विषय बंद. लिएजची नक्कल किंवा नंबर न जुळणारं निघालं तर इथे चालू असलेल्या जुन्या देशी .३२ च्या भावाच्या वर एक रुपयाही नाही, आणि काडतूस मिळत नसेल तर त्याच्याही बराच खाली. अस्सल, नंबर जुळलेलं, कोल्टचं पत्र आलेलं, पण पॉलिश केलेलं असेल तर चालत्या परदेशी .३२ ला तुमच्या विक्रेत्याकडे जो भाव मिळतो तो वरची मर्यादा धरा, आणि घासकाम जितकं खोल तितकं खाली या. मूळ छटा शाबूत आणि जुने कागद असते तरच मी तुम्हाला या मर्यादेच्या पुढे जा म्हटलं असतं. पॉलिशने ती वाट आधीच बंद केलीय.

सगळं जुळलं आणि घ्यायचं ठरलं, तर विकणाऱ्याने हत्यार विकण्याचा इरादा आणि तुमचं नाव-पत्ता लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबायचं असतं. ते जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला कळवायचं, आणि पोचपावतीची एक प्रत तुमच्याकडे ठेवायची. विक्रेत्यामार्फत केलंत तर नोंदी तोच नीट करून देतो, त्याचं कमिशन द्यायला कुरकुर करू नका. तोवर मालकांना एवढं सांगा की आता त्याला ब्रासो, पॉलिश पेपर, काही लावू नका. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि त्याखाली गंज धरतो. पातळ तेलाचा हात फिरवून सुती कापडात ठेवायचं, आणि तेही विक्रेत्याच्या तिजोरीत.

पाहणीला जाल तेव्हा दुकानदाराला सांगून नंबराच्या तिन्ही जागा, पुढची खीळ किंवा स्क्रू, पेटंटच्या ओळी आणि सिलिंडरच्या मागच्या तोंडाचे जवळून फोटो घ्या. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. नंबरासकट फोटो कुठे जाहीर टाकू नका. तेवढे दिसले की बोअर, पिढी आणि घासकाम यांबद्दल मी तुम्हाला अंदाज नाही, ठाम मत देऊ शकेन.